सहा वर्षांसाठी सहा दिवस : १९०८ चे गिरणगाव आणि जागे होणारे जग



विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील जागतिक घडामोडींची सूची कोणत्याही इतिहासग्रंथात सापडते. रशिया-जपान युद्ध, सेंट पीटर्सबर्गमधील रक्तरंजित रविवार, इराणमधील घटनेची चळवळ, तुर्कस्तानातील तरुण तुर्कांचा उठाव ही नावे विद्यार्थी परीक्षेपुरती पाठ करतात. त्या सूचीत परळ, लालबाग, चिंचपोकळी ही नावे सहसा आढळत नाहीत. गिरगाव आढळलेच, तर ते गणेशोत्सवाच्या संदर्भात. वस्तुतः १९०८ च्या जुलै महिन्यात मुंबईच्या या वस्त्यांत सहा दिवस असे काही घडले की, त्याची दखल हजारो मैलांवरील जिनिव्हात घेतली गेली. त्या सहा दिवसांचे स्मरण आणि त्यांचा अन्वयार्थ हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

जग कूस बदलत होते

फेब्रुवारी १९०४ मध्ये जपानने बलाढ्य रशियाशी युद्ध आरंभिले. जानेवारी १९०५ मध्ये पोर्ट आर्थर पडले. मे महिन्यात त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत अॅडमिरल टोगो याने अर्धी पृथ्वी वळसा घालून आलेले रशियन आरमार दोन दिवसांत धुळीस मिळविले. युरोपातील एका साम्राज्याला आशियातील एका छोट्या राष्ट्राने नमविले, ही वार्ता आशिया खंडात विजेसारखी पसरली. गोरा माणूस अजिंक्य आहे हा समज तोफांच्या धुराबरोबर विरून गेला.

त्याच वर्षी, २२ जानेवारीला, सेंट पीटर्सबर्गमध्ये झारकडे गाऱ्हाणे घेऊन निघालेल्या कामगारांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. वर्ष सरता सरता संपूर्ण रशियात सार्वत्रिक संप झाला आणि झारला जनतेला प्रतिनिधिसभा देण्याचे वचन द्यावे लागले. चीनमध्ये अमेरिकेच्या अपमानकारक प्रवेशबंदी कायद्याच्या निषेधार्थ अमेरिकन मालावर बहिष्कार पुकारला गेला. इराणच्या शहाला १९०६ मध्ये घटना मान्य करावी लागली. आणि आपल्या देशात १६ ऑक्टोबर १९०५ रोजी बंगालची फाळणी अमलात येताच स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण आणि स्वराज्य या चतुःसूत्रीने राष्ट्रीय आंदोलनाला नवे बळ दिले.

या सर्व घटना वेगवेगळ्या भूमीवर घडल्या, त्यांचे नेते एकमेकांना ओळखतही नव्हते. तरी त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न होता. आपल्या देशाचा कारभार कोणाच्या इच्छेने चालावा, हा तो प्रश्न. तो वाचनालयांत आणि सभागृहांत विचारला जात होता, तोवर राज्यकर्ते निश्चिंत होते. तो कारखान्याच्या दारात विचारला जाऊ लागला, तेव्हा ते सावध झाले.

बंदर, भोंगा आणि विजेचा दिवा

मुंबई हे बंदर. जगात घडलेल्या गोष्टी येथे केवळ वर्तमानपत्रातून येत नसत, त्या जहाजातून उतरत असत. १८९६ ची प्लेगची साथ अशीच समुद्रमार्गे आली आणि तिच्या तडाख्यानंतर स्थापन झालेल्या सुधार मंडळाने दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहतींची आखणी केली. मुंबईच्या सुताची मोठी गिऱ्हाइकी चीनमध्ये होती. तेथे जपानी सूत शिरू लागले तशी येथील गिरणीमालकांची बाजारपेठ आकसू लागली. ज्या जपानच्या विजयाने गिरगावातील तरुणांची छाती फुगत होती, त्याच जपानच्या गिरण्या परळच्या गिरण्यांशी स्पर्धा करीत होत्या. जागतिक इतिहास असा गुंतागुंतीचा असतो.

१९०८ च्या सुमारास मुंबईत ऐंशीच्या घरात कापड गिरण्या होत्या आणि त्यांत सुमारे एक लाख माणसे काम करीत होती. त्यांत कोकणातील, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातील माणसांचा भरणा मोठा होता. घाटावरूनही पुष्कळजण आले होते. गावाकडे शेत आणि कुटुंब, येथे चाळीतील एका खोलीत दहा-बारा जणांचे बिऱ्हाड, खानावळीतील जेवण आणि वाण्याकडची उधारी, असे त्यांचे जीवन होते. पगार महिन्याने आणि तोही मागे ठेवून मिळे. खाडा झाला की पगार कापला जाई. नोकरी लावणारा आणि काढणारा जॉबर हाच त्यांचा प्रत्यक्ष धनी होता.

गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादा संपली. पूर्वी अंधार पडला की साचे थांबत. आता चौदा-चौदा तास काम चालू लागले. स्वदेशीच्या चळवळीने देशी कापडाची मागणी वाढविली, ही आनंदाची गोष्ट होती. परंतु त्या मागणीचा लाभ मालकांना मिळाला आणि वाढीव तास कामगारांच्या वाट्याला आले, हेही सत्य नजरेआड करता येत नाही. १९०५ मध्ये या लांबलेल्या तासांविरुद्ध गिरण्यांतून असंतोष उफाळला होता. स्वदेशीच्या आनंदात सर्वाधिक घाम ज्याचा गळत होता, त्याचा विचार करणारे नेते थोडे होते.

लोकमान्य टिळक त्या थोड्यांपैकी एक. रत्नागिरीत जन्मलेल्या या नेत्याची भाषा कोकणातून आलेल्या कामगाराला परकी नव्हती. १९०७-०८ च्या काळात चिंचपोकळीच्या कामगार वस्तीत जाऊन त्यांनी भाषणे केली. स्वदेशी वापरा, दारू सोडा, असे त्यांचे सांगणे असे. उच्चशिक्षित पुढारी गिरणीच्या परिसरात येऊन आपल्याशी बोलतो, आपल्याला देशकार्यात सहभागी मानतो, ही गोष्टच त्या माणसांना नवी होती. दारू सोडण्याचा उपदेश अनेकांनी केला असेल. परंतु दारू सोडल्याने देशाचे बळ वाढते आणि त्या देशात तूही एक आहेस, असे सांगणारा आवाज वेगळा होता. मान देणाऱ्याला माणूस विसरत नाही.

खटला

३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी टाकलेल्या बाँबने दोन इंग्रज स्त्रियांचा बळी घेतला. लक्ष्य दुसरेच होते. या घटनेनंतर सरकारने दडपशाहीचा वरवंटा फिरविण्यास प्रारंभ केला. टिळकांनी ‘केसरी’त १२ मे रोजी ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जून रोजी ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे अग्रलेख लिहिले. बाँबचा मार्ग त्यांना मान्य नव्हता, पण तो मार्ग तरुणांना का सुचतो याचे उत्तर सरकारने स्वतःच्या कारभारात शोधावे, असा त्यांचा रोख होता.

‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला गेला होता. त्यांच्या साहाय्यासाठी टिळक मुंबईत आले आणि २४ जून १९०८ रोजी क्रॉफर्ड मार्केटसमोरील सरदारगृहात त्यांना अटक झाली. परांजप्यांना जुलैत एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. टिळकांचा जामीन न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी नाकारला. अर्जाच्या बाजूने युक्तिवाद करणारे बॅरिस्टर होते महंमद अली जीना. दैवदुर्विलास असा की, १८९७ च्या खटल्यात टिळकांना जामीन मिळावा म्हणून हेच दावर वकील म्हणून उभे राहिले होते.

१३ जुलैला उच्च न्यायालयात सुनावणी सुरू झाली. नऊ ज्यूरींपैकी सात युरोपीय आणि दोन पारशी होते. ज्या मराठी लेखांवरून आरोप ठेवला होता, ती भाषा त्यांच्यापैकी एकाचीही मातृभाषा नव्हती. भाषांतरात मूळ आशय कसा विकृत झाला हे दाखविण्यासाठी टिळकांनी वकील न देता स्वतःच बचाव मांडला. त्यांचे भाषण एकूण २१ तास १० मिनिटे चालले. २२ जुलै, बुधवार. रात्र झाली तरी न्यायालय चालूच होते. सात विरुद्ध दोन मतांनी ज्यूरींनी टिळकांना दोषी ठरविले. सहा वर्षे काळे पाणी आणि एक हजार रुपये दंड अशी शिक्षा सुनावण्यात आली. ज्यूरींचा निर्णय काहीही असो, मनुष्यांचे आणि राष्ट्रांचे भवितव्य ठरविणारी शक्ती या न्यायालयाहून वरिष्ठ आहे, या आशयाचे टिळकांचे उद्गार आज त्याच दालनात संगमरवरावर कोरलेले दिसतात. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या हस्ते त्या शिलेचे अनावरण झाले.

त्याच रात्री लोकमान्यांना खास आगगाडीने अहमदाबादकडे नेण्यात आले. दुसऱ्या दिवशी, २३ जुलैला, त्यांना बावन्न वर्षे पूर्ण होणार होती.

सहा दिवस

गुरुवार, २३ जुलै. गिरण्यांचे भोंगे नेहमीप्रमाणे वाजले. अनेक गिरण्यांत माणसे गेलीच नाहीत, अनेक ठिकाणी गेलेली बाहेर पडली. लोकमान्यांना सहा वर्षे, म्हणून आमचे सहा दिवस, वर्षाला एक दिवस, ही कल्पना चाळीचाळींतून, खानावळींतून, नाक्यानाक्यांवरून फिरली. खटला चालू असतानाही काही गिरण्या बंद पडल्या होत्या आणि रस्त्यांत चकमकी झाल्या होत्या. आता तो लोंढाच झाला. दिवसेंदिवस बंद गिरण्यांची संख्या वाढत गेली आणि शेवटी बहुतेक गिरण्यांची धुराडी शांत झाली.

हा केवळ गिरणगावाचा संप नव्हता. मूळजी जेठा मार्केटमधील कापडाचे व्यापारी दुकाने बंद करून बसले. कापड विणणारा आणि कापड विकणारा, दोघांचे हितसंबंध एरवी निराळे. मराठी साचेवाला आणि गुजराती व्यापारी यांची भाषा निराळी, वस्ती निराळी, घरची चूलही निराळी. त्या सहा दिवसांत दोघांच्या कुलुपांचे कारण एकच होते.

सरकारने पोलीस आणि सैन्य रस्त्यावर आणले. दगडफेक झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. निःशस्त्र जमावाच्या हाती जे लागते, ते त्याने वापरले. त्याला उत्तर बंदुकीने मिळाले. २४ जुलैला आणि पुढील दिवसांतही गोळीबार झाला. माणसे मेली, जखमी झाली, तुरुंगात गेली. त्यांतील कोणाचे गावाकडे लहान मूल असेल, कोणाची म्हातारी आई मनिऑर्डरची वाट पाहत असेल. त्यांच्या नावाचा दगड गिरणगावात उभा राहिला नाही.

या संपाचे वैशिष्ट्य नीट ध्यानी घेतले पाहिजे. त्यात पगारवाढीची मागणी नव्हती. तास कमी करण्याची मागणी नव्हती, वास्तविक ती करण्यास सबळ कारण होते. संघटित अशी कामगार युनियन नव्हती, संपाचा निधी नव्हता. नेता तर तुरुंगात होता. सहा दिवसांचा खाडा म्हणजे वाण्याची उधारी वाढणे, मनिऑर्डर चुकणे आणि कदाचित नोकरी जाणे. कांडी भरणाऱ्या बाईपासून साचेवाल्यापर्यंत प्रत्येकाला हा हिशेब तोंडपाठ होता. तो हिशेब करून त्यांनी हे दिवस दिले. २८ जुलैला सहा दिवस पूर्ण झाले आणि माणसे कामावर परतली. संतापाच्या भरात सुरू झालेली गोष्ट ठरल्या दिवशी थांबविणे हे अविचारी जमावाचे लक्षण नव्हे. शब्द पाळणाऱ्या समाजाचे ते लक्षण आहे.

तेहरान, इस्तंबूल, जिनिव्हा

आता त्या दिवसांचे जगाचे पंचांग समोर ठेवून पाहू. २३ जून १९०८ रोजी तेहरानमध्ये शहाच्या आज्ञेवरून रशियन कर्नल लियाखोव्ह याने इराणच्या लोकसभेवर तोफा डागल्या. दुसऱ्याच दिवशी मुंबईत टिळकांना अटक झाली. जुलैत मॅसिडोनियातील तुर्की सैन्याधिकाऱ्यांनी उठाव केला आणि २३-२४ जुलैला सुलतान अब्दुल हमीद याने तीस वर्षे गुंडाळून ठेवलेली घटना पुन्हा लागू केली. म्हणजे इस्तंबूलच्या रस्त्यांवर लोक आनंदाने एकमेकांना आलिंगन देत होते, त्याच दिवशी मुंबईच्या रस्त्यांवर गोळ्या सुटत होत्या.

यात कोणताही कट नव्हता, तारायंत्राने ठरविलेला कार्यक्रम नव्हता. आशियातील निरनिराळी राष्ट्रे आपापल्या कारणांनी, आपापल्या भाषेत, एकाच काळात जागी होत होती. जिनिव्हात निर्वासिताचे जीवन जगणाऱ्या लेनिनने हे हेरले. जागतिक राजकारणातील स्फोटक द्रव्यांवर लिहिलेला त्याचा लेख ५ ऑगस्ट १९०८ रोजी, म्हणजे टिळकांच्या शिक्षेनंतर अवघ्या चौदा दिवसांनी प्रसिद्ध झाला. इराण, तुर्कस्तान यांच्या पंक्तीला त्याने हिंदुस्थानला बसविले. टिळकांच्या शिक्षेचा आणि मुंबईच्या संपाचा उल्लेख करून, येथील कामगार जाणीवपूर्वक राजकीय लढ्याच्या पायरीवर पोहोचला आहे, असा निष्कर्ष त्याने काढला.

लेनिनचा हा उल्लेख पुढे अनेकांनी अभिमानाने मिरविला आणि या संपाला वर्गलढ्याच्या चौकटीत बसविले. कामगार राजकारणात उतरला, हे त्याचे निरीक्षण अचूक होते. परंतु तो कशाच्या बळावर उतरला, हे जिनिव्हातून दिसणे कठीण होते. १९०८ च्या साचेवाल्याने मार्क्स वाचला नव्हता. त्याने कीर्तन ऐकले होते, मेळ्यात पदे म्हटली होती, वाचणारा एक आणि ऐकणारे अनेक अशा बैठकीत ‘केसरी’ ऐकला होता. १८९३ मध्ये गिरगावच्या केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, त्यानंतरच्या पंधरा वर्षांत चाळीचाळींत लोकांना एकत्र येण्याची सवय लागली होती. त्याच चाळींनी हे सहा दिवस निभावले. व्यापारी आणि कामगार एकाच कारणासाठी कुलूप लावतात, हे कोणत्याही वर्गसिद्धान्तात सहजी बसत नाही. राष्ट्रभावनेत मात्र ते स्वाभाविक ठरते.

फलित काय?

संपाने लोकमान्य सुटले नाहीत. सप्टेंबरात त्यांना मंडालेला नेण्यात आले. शिक्षेचे रूपांतर साध्या कैदेत झाले, तरी मुदत कमी झाली नाही. त्या कोठडीत ‘गीतारहस्य’ लिहिले गेले आणि १९१५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. कर्मयोगाचे विवेचन करणारा हा ग्रंथ लिहिणाऱ्यासाठी लाखभर निरक्षर माणसांनी आधीच कर्मयोग आचरून दाखविला होता, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

कामगारांच्या पदरी तत्काळ काही पडले नाही. मात्र त्यांची उपेक्षा करणे पूर्वीइतके सोपे राहिले नाही. १९०९ मध्ये सीताराम केशव बोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कामगार हितवर्धक सभा’ स्थापन केली. १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाचे तास बारापर्यंत मर्यादित केले. बारा तास ही तेव्हाची सुधारणा होती, यावरून आधीच्या स्थितीची कल्पना करावी.

१९१४ च्या जूनमध्ये टिळक सुटले आणि दोन महिन्यांच्या आत पहिले महायुद्ध सुरू झाले. युद्धाने महागाई आणली, १९१८ मध्ये इन्फ्लुएंझा याच बंदरातून देशात शिरला आणि जानेवारी १९१९ मध्ये गिरणगाव पुन्हा संपावर गेले, या वेळी पोटासाठी. १ ऑगस्ट १९२० च्या पहाटेपूर्वी सरदारगृहातच लोकमान्यांनी देह ठेवला. भर पावसात लाखोंचा समुदाय चौपाटीच्या वाळूपर्यंत त्यांच्यामागून चालत गेला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ३१ ऑक्टोबर १९२० रोजी, लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना मुंबईतच झाली. देशभक्त नेत्याने कामगारांच्या व्यासपीठावर बसणे ही तोवर नैसर्गिक गोष्ट झाली होती. त्या वाटेचा आरंभ १९०८ च्या सहा दिवसांत झाला होता.

ऋणाचा प्रश्न

आज परळ-लालबागचे रूप पालटले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव सावरले नाही. गिरण्यांच्या जागी उंच इमारती, कार्यालये, मॉल उभे राहिले. काही ठिकाणी एखादे धुराडे शिल्लक आहे. ज्यांचे आजोबा-पणजोबा त्या भोंग्यावर उठत असत, त्यांतील कित्येक कुटुंबे मुंबईबाहेर फेकली गेली. काळ बदलतो, उद्योग बदलतात, त्याविषयी केवळ हळहळ करून उपयोग नाही. परंतु स्मृती जपणे हे तरी आपल्या हाती आहे.

मध्यमवर्गीय घरांत टिळकांची तसबीर असते. शिक्षेच्या रात्रीचे त्यांचे धीरोदात्त वर्तन मुलांना सांगितले जाते आणि ते सांगितलेच पाहिजे. त्याच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग मात्र बहुधा सांगितला जात नाही. त्या रात्रीनंतरच्या सकाळी कोण उठले, कोणी पगार सोडला, कोण गोळीला सामोरे गेले? नेत्याचे मोठेपण त्याच्या शब्दांवरून कळते, तसेच त्याच्यासाठी कोण काय सोडावयास सिद्ध झाले यावरूनही कळते. नेता आठवायचा आणि ज्यांनी त्याला लोकमान्य केले त्यांना विसरायचे, हा कृतघ्नपणा होईल.

येथे बसलेल्या कार्यकर्त्यांसाठी आणखी एक बोध आहे. टिळक मते मागण्यासाठी चिंचपोकळीस गेले नव्हते. त्या काळी कामगाराला मतच नव्हते. ते गेले, बोलले, त्यांनी त्या माणसांना आपले मानले. समाजाच्या ज्या थरात आपली ये-जा नाही, तो थर संकटकाळी आपल्यासाठी उभा राहील, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार कोणत्याही संघटनेला नाही.

म्हणून एक छोटीशी विनंती. येत्या जुलैत, २३ ते २८ या दिवसांत, आपल्या मुलांना घेऊन सरदारगृहावरून, उच्च न्यायालयावरून, चौपाटीवरील लोकमान्यांच्या पुतळ्यावरून एक फेरी मारावी. आणि ती तेथेच न संपविता गाडीने चिंचपोकळीला उतरून लालबाग, परळपर्यंत चालत जावे. ज्या घरात एखादे निवृत्त गिरणी कामगार असतील, त्या घरी थोडे बसावे. त्यांच्याकडून भोंग्याची, खात्याची, चाळीतील बैठकीची हकिकत ऐकावी. मुलांनी ती वहीत उतरवून घ्यावी. त्सुशिमा आणि सेंट पीटर्सबर्ग त्यांच्या पुस्तकात आहेतच. त्यांच्या शेजारी परळ आणि लालबाग ही नावे आपण घालावयाची आहेत.